झाकणावरचा ठिपका

डॉक्टरीणबाईंच्या घरी रविवारी सकाळी साडेनऊला बर्फाच्या पेटीतून मूत्रपिंड आलं. ही बातमी पावणेदहाला चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा एका मूत्रपिंडाची दोन झाली होती, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांच्या कानी पडेपर्यंत त्यांत एक डोळाही जमा झाला होता. बातमी निघाली तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीतून. आमच्या इमारतीत टपाल उशिरा येतं, पाणी कधी येतं कधी नाही, पण ही खिडकी कधी बंद नसते. काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एक म्हातारा, हातात पांढरी पेटी, पेटीवर लाल अक्षरांत 'मानवी नमुने, हात लावू नये', आणि चेहरा असा की नुकतंच कुणाचं तरी काहीतरी काढून आलाय.

खरं सांगायचं तर पेटीत बर्फ नव्हता आणि मूत्रपिंडही नव्हतं. आत होतं प्लॅस्टिकचं एक झाकण, तळहाताएवढं. त्याच्या एका कोपऱ्यावर नखांना लावायच्या लाल रंगाचा मसुराएवढा ठिपका होता. तेवढ्या ठिपक्यासाठी म्हातारा बस बदलून आला होता, आणि तेवढ्याच ठिपक्यापायी बाईंच्या हातातला चहा निवून गेला.

डॉक्टरीणबाई म्हणजे मेडिकल कॉलेजच्या डीन. इमारतीत त्यांना 'थर्मामीटर' म्हणतात, अर्थात त्या लिफ्टमधून उतरल्यावर. जिन्यात कुणी 'कशा आहात?' म्हटलं की उत्तर द्यायच्या आधी त्या समोरच्याकडे अशा बघत राहतात की पारा चढेपर्यंत हलायची सोय नाही. सवय जुनी आहे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बापाशेजारी बसून पोरीने पहिला धडा घेतला तो असा, की उघड्या घड्याळासमोर शिंकायचं नाही. ही न शिंकणारी पोर पुढे डॉक्टर झाली. नातेवाइकांनी 'आता दवाखाना टाक, पाटी लाव' म्हणून जीव खाल्ला, पण ती लहान मुलांच्या वॉर्डात राहिली ती राहिलीच.

का राहिली, ते फक्त मास्तरांना माहीत. मास्तर म्हणजे तिचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि स्वयंपाकघराच्या नकाशात रोज हरवतात. लग्न ठरलं तेव्हा तिने त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. सव्विसाव्या वर्षी, दुपारी दोन वाजता, तापाने फणफणलेलं पाच महिन्यांचं बाळ तिने तपासलं, साधा ताप म्हणून घरी पाठवलं. संध्याकाळी सातला बाळ परत आलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. "नुसती बघत राहिली हो माझ्याकडे," ती मास्तरांना म्हणाली होती.

तिथून बाईंच्या डोक्यात एकच किडा. शंभर तापांतला कुठला एक ताप संध्याकाळी उलटणार, हे दुपारीच कळायला हवं. दिवसा वॉर्ड, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, अशी अकरा वर्षं गेली. शेवटी रक्तातला एक पदार्थ सापडला, जो मूल खालावायच्या आधीच वाढू लागतो. तो किती वाढला म्हणजे धोका, हे ठरवायला त्यांनी तापातून अत्यवस्थ झालेल्या शहाण्णव मुलांचं रक्त एका थाळीत तपासलं. ही थाळी जेवायची नव्हे. तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यात शहाण्णव खळगे, प्रत्येक खळग्यात एकेका मुलाचं थेंबभर रक्त. सर्वांत लहान बाळ पहिल्या खळग्यात, सर्वांत मोठं मूल शेवटच्या.

निकाल आला तो चक्रावणारा. सगळ्यांना वाटायचं की नाजूक बाळाला थोड्या आकड्यावरच धोका असणार. थाळीने उलटंच सांगितलं. मोठ्या मुलाला पंचविसावरच धोका, पण वर्षाच्या आतल्या बाळाला चाळिसापर्यंत भीती नाही, खुशाल घरी न्या. आता जगाची रीत अशी, की सुलट सांगणाऱ्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. उलट निघालं म्हणून तर निबंध गाजला. बाईंनी गणित चारदा तपासलं. थाळी कशी तपासणार? ती धुवून कचऱ्यात गेली होती. पुढे लोकांनी त्या चाचणीला 'बाईंची चाळिशी' असं नावच पाडलं. बाईंना विभाग मिळाला, मग कॉलेज मिळालं, आणि अकरा वर्षांपूर्वी त्यांनी पिपेट खाली ठेवली. ते रक्त मोजून घ्यायचं थेंबाच्या हिशेबाचं हत्यार. त्याच्या जागी हातात सह्यांचं पेन आलं.

ही झाली वीस वर्षांची गोष्ट. उरलेली गोष्ट चार दिवसांची आहे.

शुक्रवारी दुपारी बाईंच्या कार्यालयात दुसऱ्या शहरातल्या इस्पितळाची संख्याशास्त्रवाली आली. वयाने चाळिशीतली, सुती साडी, खांद्यावर कागदांनी फुगलेली पिशवी. सोमवारी आरोग्य खात्याची मोठी बैठक होती. बाईंची चाचणी गावोगावच्या छोट्या दवाखान्यांत सक्तीची होणार होती, जिथे मोठा डॉक्टर नसतो आणि नर्स आकडा बघूनच ठरवणार. बाईंच्या डीनपदाची पुढची पाच वर्षंही त्याच बैठकीत पक्की व्हायची होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे पाच मिनिटं आहेत."

"मला दोन पुरतील, मॅडम." तिने एक कागद टेबलावर ठेवला. "आमच्याकडची चार बाळं. आकडा तिसाच्या आसपास. तुमच्या नियमाने घरी पाठवली."

"मग?"

"चारही परत आली. तीन वाचली."

बाईंनी कागद उचलला नाही. तिनेच दुसरा पुढे सरकवला.

"मी भांडायला नाही आले. मी फक्त तुमची जुनी थाळी कागदावर उलटी धरून बघितली. पहिला खळगा शेवटचा, शेवटचा पहिला. तशी धरली की तुमचे आकडे आणि आमचे आकडे जुळतात, मॅडम. अगदी काठोकाठ."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. पारा चढायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. म्हणजे पंचवीस बाळांचे आणि चाळीस मोठ्यांचे. म्हणजे वीस वर्षं, जिथे जिथे त्यांचं नाव घेऊन आकडा बघितला गेला तिथे तिथे, दुपारी दोनला बाळ घरी गेलं असणार. मग त्यांनी फोन उचलला आणि आपल्याच वॉर्डाला सांगितलं, "आत्तापासून तापातलं एकही तान्हं बाळ आकडा बघून घरी पाठवायचं नाही. कोण विचारेल त्याला माझं नाव सांगा."

फोन ठेवेपर्यंत उपडीन दारात. त्यांचं टोपणनाव 'होयबा'. 'नाही' हा शब्द त्यांनी शाळेत बाराखडीबरोबर सोडला तो कायमचा.

"होय मॅडम, काळजी करण्यासारखंच आहे," ते म्हणाले. "पण हे आपण सोमवारनंतर बघूया ना. मंगळवारही येणारच आहे की."

"बाळांना मंगळवार दिसेल याची खात्री देता?"

होयबा 'होय' तोंडात घेऊनच दारातून परत गेले.

थाळी गेली होती, पण रक्त थोडं शिल्लक होतं. तळघरातल्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, एका डब्यात, सोळा नळ्या सापडल्या. आठ बाळांच्या, आठ मोठ्या मुलांच्या. प्रत्येक नळीवर मुलाचा क्रमांक चिकटवलेला, त्यामुळे नळी उलटी धरा की सुलटी, मूल बदलत नव्हतं. प्रत्येकीत एका तपासणीपुरतं रक्त. एकदा वितळलं की संपलं, दुसरी संधी नाही. नवं यंत्र होतं, पण त्याच्या नळ्या ओल्या होण्यातच एवढा थेंब जिरला असता. हातानेच करायला हवं होतं, आणि जुनी हाताची पद्धत येणारी माणसं दोनच उरली होती. एक स्वतः बाई. दुसरे बर्फकाका.

बर्फकाका म्हणजे जुने तंत्रज्ञ. तीस वर्षं फ्रीजर सांभाळला म्हणून हे नाव. निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने शाल दिली, काकांनी ती परत करून जुनी बर्फाची पेटी मागून घेतली. बाजारातून भाजी तिच्यातूनच आणतात. वरची लाल अक्षरं बघून भाजीवाली वजनात मारत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी सकाळी आठला दोघं प्रयोगशाळेत उभी राहिली. संख्याशास्त्रवालीने नळ्यांवरचे क्रमांक कागदाने झाकले, त्यांवर स्वतःची अक्षरं टाकली आणि कुठलं अक्षर कुणाचं ते लिहून पाकीट बंद केलं. बाळ कुठलं आणि मोठं मूल कुठलं, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. त्या जुन्या थाळीनंतर बाईंनीच हा नियम काढला होता.

बाईंनी पिपेट हातात घेतली आणि टोक थरथरलं. पहिलीच नळी. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. टोक पुन्हा थरथरलं.

"काका, तुम्हीच करा."

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, बाई. मी केलं तर रक्त टेबलावर." काका जवळ आले. "आधी श्वास सोडा. मग अंगठा दाबा. श्वास आत असताना कधी दाबायचा नाही. मला कुणी शिकवलं होतं हे?"

"मी."

"मग ऐका की स्वतःचं! बाकी सगळ्यांना ऐकवता."

बाईंनी श्वास सोडला. थेंब खळग्यात पडला. मग दुसरा. सोळावा पडेपर्यंत खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. घड्याळवाल्याच्या पोरीला शिंक आली होती, ती तिने बाराव्या खळग्यापासून धरून ठेवली होती. शेवटच्या थेंबानंतर ती अशी सुटली की काकांच्या हातातलं झाकण उडालं.

पुढचे चार तास थांबण्याचे. खळग्यांत हळूहळू निळं चढत होतं, कुठे फिकट, कुठे गडद. बाई खिडकीशी उभ्या. काका खुर्चीत बसून पेटीचा कडीकोयंडा उघडत आणि लावत होते, खट्ट, खट्ट. "काका, ते बंद करा," असं बाई तीनदा म्हणाल्या आणि काकांनी तीनदा बंद केलं.

दुपारी पावणेदोनला मोजणीयंत्रातून कागद बाहेर आला. संख्याशास्त्रवालीने पाकीट फोडलं आणि एकेक अक्षर वाचू लागली. बाई आकडा सांगायच्या, ती मूल सांगायची.

"ड. सव्वीस."

"बाळ. चार महिने."

"क. त्रेचाळीस."

"मोठा. नऊ वर्षं."

"म. एकतीस."

"बाळ."

सहाव्या अक्षरानंतर वाचायची गरज नव्हती, तरी बाईंनी सोळाही वाचून घेतले. जुनी थाळी उलटीच होती.

होयबांनी सांगितलं, हे सोमवारपर्यंत या खोलीतच राहू द्या. बाईंनी त्यांच्याच समोर यादी काढली आणि चाचणी वापरणाऱ्या तेवीस इस्पितळांना एकेक करून फोन लावला. "चाळीस विसरा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पंचवीस. हो, माझंच चुकलं होतं. लिहून घ्या, पंचवीस." तेविसाव्या फोनला आवाज बसला. तिथल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, "मॅडम, गेल्या महिन्यात आम्ही एक बाळ..." आणि वाक्य तिथेच सोडलं. बाईंनी तिचं नाव लिहून घेतलं. तिला पुन्हा फोन करायचा होता.

तोवर होयबांनी वाट काढली होती. "थाळी लावायचे काकाच. ते निवृत्त आहेत, त्यांना कोण काय करणार? 'तत्कालीन तंत्रज्ञाच्या हातून' एवढं एक वाक्य टाकूया. आकडा दुरुस्त, कॉलेज सुरक्षित, तुमची पाच वर्षंही सुरक्षित."

गंमत अशी की काका तयार. "टाका की माझं नाव, बाई. माझं काय जातंय? भाजीवाली थोडीच निबंध वाचते."

बाईंनी यादी पर्समध्ये टाकली. घरी येऊन सगळं सांगितल्यावर मास्तरांनी विचारलं, "मग काकाच चुकले होते का?"

"मला आठवत नाही हो. वीस वर्षं झाली."

"अगं, तुला पहिलीतल्या मुलांचे हजेरीक्रमांक आठवतात!"

"हे नाही आठवत," बाई म्हणाल्या, आणि मास्तरांना तो सूर ओळखीचा वाटला नाही.

मग उजाडला काकूंच्या मूत्रपिंडाचा रविवार.

काकांनी पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण बाहेर काढलं. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा जुनी झाकणं कचऱ्यात चालली होती, ती काकांनी घरी नेली होती. बायको त्यांत बटणं ठेवते. काल संध्याकाळी त्यांनी सगळी उलथीपालथी केली आणि हे मिळालं, कडेला पुसट तारीख असलेलं.

"आपली रीत आठवते ना, बाई? त्या खेपेच्या थाळ्या दोन्ही टोकांनी सारख्याच यायच्या. कुठली बाजू वर, हे कळायला डाव्या कोपऱ्यावर लाल ठिपका. शाई गारठ्यात सुटायची, म्हणून नखांचा रंग."

"आठवतं. ठिपका थाळीच्या अंगावर द्यायचा."

"झाकणावर कधीच नाही! झाकण फिरतं, थाळी फिरत नाही. मी पोरांच्या कानीकपाळी ओरडायचो. आणि हे बघा." काकांनी बोट ठेवलं. "झाकणावर ठिपका. तपासणीत मधेच थाळी धुवायची असते, तेव्हा झाकण काढलं असणार, परत ठेवताना फिरलं असणार. झालं. म्हणजे मीच चुकलो, बाई. आता निवांत माझं नाव टाका. पुरावासुद्धा आहे."

म्हातारा खरोखर सुटल्यासारखा हसला.

बाईंनी झाकण खिडकीशी नेलं. पुरुषांना लाल तो लालच. काकांना दिसला लाल ठिपका, मास्तरांनाही लाल ठिपका. बाईंना त्यात बारीक चमक दिसली, सोनेरी. प्रयोगशाळेची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानातली असायची, स्वस्त, भडक, बिनचमकीची. हा रंग त्यांनी आयुष्यात एकदाच घेतला होता, नणंदेच्या लग्नासाठी. नणंदबाई मांडवातसुद्धा बोलल्या होत्या, "वहिनी, डॉक्टर आहात की नाटकात काम करता?" लग्नाच्या आदल्या दिवशी काका रजेवर होते, प्रयोगशाळेची बाटली वाळली होती, घरून तीन फोन येऊन गेले होते. बाईंनी थाळी भरली, घाईघाईत झाकण लावलं, मग ठिपका आठवला. पर्समधली बाटली काढली आणि बंद झाकणावरच ठिपका दिला.

सगळं आठवलं. फोनवर मास्तर काय म्हणाले होते, तेसुद्धा.

हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. एक म्हातारा समोर बसून चुकीवर स्वतःचं नाव घालून घ्यायला अधीर झाला होता, उपडीनांनी वाक्य लिहून ठेवलं होतं, आणि ठिपका मसुराएवढा. झाकण परत पेटीत घातलं असतं तर त्यावर बटणं पडली असती.

"चहा गार झाला तुमचा," काका म्हणाले.

"झाकण माझ्याकडे राहू दे, काका," बाई म्हणाल्या. बस्स, तेवढंच. काका गेले, आणि दिवसभर मास्तर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. झाकण टेबलावर, बाई झाकणासमोर. मास्तरांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा येऊन ते नुसते शेजारी बसले.

सोमवारी अकराला बैठक. लांब टेबल, पाण्याचे पेले, आरोग्य खात्याच्या मुख्य अधिकारी बाई मधोमध. बाहेरच्या बाकावर बर्फकाका, इस्त्रीचा शर्ट घालून, शिक्षा ऐकायला आल्यासारखे. होयबांनी निवेदन वाचायला घेतलं. आकडा बदलला आहे, सर्व इस्पितळांना कळवलं आहे, आणि ही चूक तत्कालीन तंत्रज्ञाच्या हातून...

"थांबा," बाई म्हणाल्या. "पेन द्या."

"होय मॅडम, पण..."

"पेन."

त्यांनी 'तत्कालीन तंत्रज्ञाच्या' यावर रेघ मारली, वर 'माझ्या' असं लिहिलं आणि कागद परत दिला. "आता वाचा."

होयबांनी वाचलं. बाईंनी झाकण टेबलावर ठेवलं आणि उरलेलं स्वतः सांगितलं, ठिपका, रंग, लग्न, घाई. अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "हे तुमच्याशिवाय कुणाला कळलं असतं?"

"नणंदेला," बाई म्हणाल्या.

सक्ती पुढे ढकलली गेली. आधी नव्या आकड्यांची नव्याने तपासणी, मग बघू. पाच वर्षांबद्दल कुणी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. ज्याला ऐकायचं त्याने ऐकलं. बाहेर आल्यावर काका उठून उभे राहिले.

"काय झालं? नाव टाकलं माझं?"

"नाही. रजेवर होतात तुम्ही, काका. रजेवरच्या माणसाला चूक करायचीसुद्धा परवानगी नसते."

काकांनी रुमाल शोधायला चारही खिसे तपासले. रुमाल पेटीत होता.

तीन महिन्यांनी डीनची खुर्ची होयबांकडे गेली. बाई पुन्हा मुलांच्या वॉर्डात बसतात, आणि एका वहीत त्या बाळांची यादी करतात जी चाळिसाच्या भरवशावर घरी गेली होती. मिळतील त्या घरी स्वतः जातात. काही दारं उघडतात, काही तोंडावर बंद होतात. परत आल्या की मास्तर पाणी देतात. प्रयोगशाळेत ते झाकण खिळ्याला टांगलंय. मोतीबिंदू काढून तरणेताठे झालेले बर्फकाका दर सोमवारी नव्या तंत्रज्ञांना त्याच्यासमोर उभं करून ओरडतात.

आणि तळमजल्यावरच्या काकू? त्यांना निबंधाशी देणंघेणं नव्हतं, खुर्चीशीही नव्हतं. त्यांचा जीव पेटीत अडकला होता. परवा बाई भर दुपारी दमून आल्या, तेव्हा काकूंनी त्यांना लिफ्टच्या दारातच गाठलं.

"डॉक्टरीणबाई, मी कुण्णाला सांगणार नाही. एकदा खरं सांगून टाका. त्या रविवारी त्या पेटीत काय होतं हो?"

बाईंनी काकूंकडे पूर्ण पारा चढेपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "माझी चूक होती, काकू. बर्फात ठेवली होती, म्हणून वीस वर्षं टिकली."